परीवस्त्राचं लोकार्पण

आमच्या गावातल्या सौभाग्यलक्ष्मी महिला मंडळाने आजवर पुष्कळ चांगली कामं केली आहेत, आणि त्यातलं प्रत्येक काम फोटो निघेपर्यंत टिकलं आहे. झाडं लावली, ती बकऱ्यांनी खाल्ली. दारूबंदीची फेरी काढली, ती दारूच्या दुकानासमोरून न्यायची राहिली, कारण म्हणे तिथे रस्ता अरुंद आहे. मी या मंडळाची सभासद नाही, स्वयंसेविका आहे. फरक एवढाच की सभासदांना खुर्ची मिळते आणि स्वयंसेविकेला शिलाई मशीन.

माझं नाव रशिदा. नवरा सलीम पिंजारी, बाजारात गाद्या-रजयांचं दुकान, आणि त्याच दुकानाच्या ओट्यावर माझं मशीन. गावातल्या अर्ध्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत आणि त्या मापांत दरवर्षी होणारी वाढही, त्यामुळे माझ्याशी कोणी फारसं वाकडं बोलत नाही. मंडळाच्या अध्यक्ष हंसाबेन तर मला हक्काने बोलावतात. त्यांचे यजमान प्रेमचंदशेठ गावातली मोठी असामी. हंसाबेनचं मन वाईट नाही. फक्त ते मन सकाळी उठलं की आधी मोबाइल बघतं.

दिवाळीनंतर सुरतच्या मुलीने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. परदेशातल्या गोऱ्या बायका आपापले लग्नाचे झगे दान देतात, आणि जन्मताच गेलेल्या बाळांना मूठमातीच्या वेळी घालायला त्या झग्यांचे छोटे छोटे पोशाख शिवतात. व्हिडिओत आया रडत होत्या, नर्सा रडत होत्या. हंसाबेनही रडल्या आणि डोळे पुसता पुसता त्यांनी मंडळाची बैठक लावली.

मंडळाच्या बैठकीत शुद्ध मराठीत बोलायचा नियम आहे. भांडण लागलं की मात्र सगळ्या अहिराणीवर येतात. हंसाबेन उभ्या राहिल्या. "भगिनींनो, लग्नाचा शालू आपण आयुष्यात एकदा नेसतो आणि मग तो कपाटात पडून राहतो. तो त्या निष्पाप जिवांच्या कामी आला तर?"

मी मागे मशीनपाशी बसले होते. मला सरळ विचारायची खोड आहे. "म्हंजे कफन का बेन?"

एकीचा हात मंगळसूत्राकडे गेला. दुसरीने देवाचं नाव घेतलं. हंसाबेन नियम विसरून म्हणाल्या, "रशिदा, सवाशिनींनी बैठकमा असा शब्द काढतस का व?"

मग त्या पोशाखाला काय म्हणायचं यावर चर्चा झाली आणि परीवस्त्र हे नाव ठरलं. त्या दिवसापासून तो दुसरा शब्द मंडळात कोणी उच्चारला नाही. बॅनरवर नाही, निमंत्रणपत्रिकेत नाही, कपडे ठेवायच्या पेटीवरही नाही. पेटीवर लिहिलं होतं, 'परीवस्त्र : आपल्या चिमुकल्यांसाठी'. पुढे जे रामायण झालं ते या सोवळेपणातून झालं.

शालू येऊ लागले. द्यायचा होता स्वतःच्या लग्नातला. आले ते बहुतेक आहेरातले, नणंदेने दिलेले, नाहीतर रंग पसंत न पडलेले. एकीने आणलेली साडी तिने माझ्या डोळ्यांदेखत तीन लग्नांत नेसली होती आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. हंसाबेननी मात्र आपला खराखुरा शालू दिला, डाळिंबी रंगाचा, रुंद काठाचा. फोटोग्राफरसमोर दिला हे खरं, पण माझ्या हातात देताना त्यांनी काठावरून एकदा बोटं फिरवली. ते फोटोत आलं नाही.

सलीमने विचारलं, आपल्यात कफन पांढरं असतं आणि न शिवलेलं, मग हे काम तू कसं घेतलंस? म्हटलं, शिवलेलं आहे म्हणजे हे कफन नाही. मंडळाचंही नेमकं तेच म्हणणं आहे.

व्हिडिओतला नमुना असा होता की कपडा पुढून झबल्यासारखा दिसतो, पण पाठ मानेपासून पायापर्यंत उघडी. बाळाला उचलावं लागत नाही, वरून अंगावर ठेवलं आणि बाजूने खोचलं की झालं. मी जरीखाली मलमलचं अस्तर लावायला लागले तेव्हा हंसाबेन म्हणाल्या, कशाला येळ घालस? तेले काय टोचनार शे? मी अस्तर लावलंच. माझ्या हातून बिनअस्तराचं निघत नाही. ही काही माया नव्हे, घमेंड आहे. सगळ्यांत लहान परीवस्त्र मी हंसाबेनच्या डाळिंबी शालूतून शिवलं. काठाची छोटी बुट्टी बरोबर छातीवर आणली. इतकं सुंदर काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल, आणि ते कोणाच्या अंगावर बघायची मला अजिबात इच्छा नव्हती.

पेटी भरली. आता लोकार्पण. नंदुरबारहून मोठे पाहुणे यायचे होते. पाहुणे आले म्हणजे त्यांच्या हस्ते कोणाला तरी काही तरी द्यावं लागतं. तिथे घोडं अडलं, कारण मंडळाला लाभार्थी मिळेना.

गावाबाहेर धडगावच्या रस्त्यावर आरोग्यधाम नावाचा ट्रस्टचा दवाखाना आहे आणि प्रेमचंदशेठ त्याचे मुख्य विश्वस्त. दवाखान्याच्या दारावर मोठा फलक आहे, 'बालमृत्यू : शून्य'. शेठना या फलकाचा इतका अभिमान, की पाऊस लागू नये म्हणून त्यावर पत्रा टाकून घेतला आहे.

कार्यक्रमासाठी हंसाबेनना नवीन ब्लाउज हवा होता. मी त्यांच्या घरी फिटिंगला गेले होते तेव्हा नवरा-बायकोचं जुंपलं.

"आपला दवाखानामा पोरं मरतस नही," शेठ म्हणाले.

"मंग जातस कोठे?"

"पुढे."

पुढे म्हणजे नंदुरबार, नाहीतर सुरत. बाळ निळं पडायला लागलं की दवाखान्याची गाडी सुरू होते. आईला आणि बाळाला गाडीत बसवलं की फलक कोरडाच्या कोरडा. गाडीत जे होतं ते रस्त्यात होतं, आणि रस्त्यावर कोणी फलक लावलेला नाही.

शेजारणीकडे विरजण मागावं तशा आवाजात हंसाबेन म्हणाल्या, "आवो, एक तं ऱ्हाऊ द्या अठे."

माझी टेप त्यांच्या दंडाभोवती होती. मला इतका राग आला की टेप जरा जास्तच आवळली गेली. पण बोलले काहीच नाही. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून बोलता आलं असतं, हेही खरं.

चार-दोन दिवसांतच रविना आली. धडगावच्या वरच्या पाड्यावरची पोर, पहिलटकरीण. दिवस भरले नव्हते. नवरा ईश्वर सौराष्ट्रात शेतमजुरीला गेलेला आणि त्याचा फोन लागत नव्हता. सोबत सासू कमलीबाई. घाट उतरताना जीपमध्येच कळा सुरू झाल्या आणि दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलं. मुलगी झाली. वीतभर लांब आणि रडायचंही त्राण नसलेली.

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे गाडी सुरू करायला सांगितली. तेवढ्यात हंसाबेनचा फोन आला; हल्ली तो रोजच यायचा. डॉक्टर म्हणाले, बाळ रस्त्यात टिकायचं नाही, पण इथेही काही सांगता येत नाही.

"मंग अठेच ऱ्हाऊ द्या," हंसाबेन म्हणाल्या.

गाडी बंद झाली. त्या फलकाच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं.

दुसऱ्या दिवसापासून हंसाबेन रोज सकाळी दवाखान्यात जाऊ लागल्या. कधी दोन सभासद बरोबर, कधी मी. मुख्य विश्वस्तांची बायको रोज एकाच खाटेपाशी येते म्हटल्यावर दवाखाना खडबडून जागा झाला. विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीतला हीटर वॉर्डात आला. जेवायच्या वेळी घरी जाणारी नर्स डबा आणून तिथेच बसू लागली. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन बाळ बघत. रविनाचं दूध काढून बाळाला थेंब थेंब पाजायचं, बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, हे नर्सने दोघींना शिकवलं. कधी आई धरून बसे, कधी आजी. थंडी मी म्हणत होती आणि ती वीतभर पोर सासू-सुनेच्या कातडीला चिकटून होती.

हंसाबेन दारातून विचारत, "कशी शे?"

कमलीबाई घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मोडक्या अहिराणीत बोले. "चांगली शे बाई. आज थोडं दूध पिनी."

हंसाबेनचा चेहरा उतरे. कमलीबाईला वाटे, काळजीने उतरला. ती उलट हंसाबेननाच धीर द्यायची, "भिऊ नको बाई. जगी ती."

मग एके दिवशी हंसाबेननी मला बाळाचं माप घ्यायला सांगितलं. म्हणाल्या, तो डाळिंबी पोशाख अंगाला बरोबर बसतो का ते बघून घे, ऐन वेळी फजिती नको. मी आजवर हजारो मापं घेतली, पण असं माप शत्रूवरही घ्यायची वेळ येऊ नये. टेप छातीवरून घेतली तर त्या पोरीने टेपचं टोक मुठीत पकडलं. काडीएवढी बोटं, पण सुटता सुटेनात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि माप चुकलं.

"हाई काय शे?" कमलीबाईने हंसाबेनच्या हातातला डाळिंबी कपडा बघून विचारलं.

"परीवस्त्र," हंसाबेन म्हणाल्या.

"कोनासाठे?"

आता इथे दुसरी कोणी असती तर काही तरी थाप मारून वेळ निभावली असती. पण हंसाबेनना भाषणाची सवय. तोंडातून निघून गेलं, "तुन्ही नातसाठे. मन्हा लगीनना शालूनं शे."

कमलीबाई बघतच राहिली. लुगड्याच्या पदराला हात पुसून तिने त्या काठाला एक बोट लावलं. "तुन्हा लगीनना? आमनासाठे फाडा?" आणि रडायला लागली. रविनाही रडली. हंसाबेन भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघायला लागल्या.

"कव्हय दिशी?" कमलीबाईने डोळे पुसून कधी देणार ते विचारलं.

"येळ उनी म्हंजे," वेळ आली की, असं हंसाबेन म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी येऊन मी सलीमला सगळं सांगितलं. तो कापूस पिंजत होता, मशीन बंद करून ऐकत राहिला. मग ताज्या पिंजलेल्या कापसाचा एक मऊ गोळा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "रूई तो जिंदों के काम की चीज है." मी पोरीसाठी टोपी शिवली, आत तो कापूस भरून. पायमोजे शिवले. मंडळाला न विचारता नेऊन दिले. मला ती पोर जगायला हवी होती, बाकी कोणाच्या कार्यक्रमाचं काय व्हायचं ते होवो.

आणि ती जगू लागली. आधी रडायला शिकली, मग ओरडायला. नर्स कौतुकाने वजन सांगे आणि ते मंडळात पोहोचलं की सुस्कारे पडत.

पाहुण्यांची तारीख जवळ आली आणि तातडीची बैठक बसली. तो शब्द उच्चारायचा नाही, त्यामुळे बोलणं फार नाजूक चाललं.

"त्या बाळाचं काय आहे सध्या?"

"वजन वाढतंय."

"अगंबाई."

"वाढनारच," एक सभासद नियम मोडून फणकारली. "इतला हीटर लाया, इतला डॉक्टर लाया, मंग काय व्हई?"

कोणी तरी म्हणालं, पाहुण्यांना पुढची तारीख मागू. हंसाबेन म्हणाल्या, पाहुणे एकदाच येतात. मग कोणाला तरी बाहुली सुचली. हंसाबेनच्या मुलीची लहानपणची बाहुली माळ्यावर होती, आडवी केली की डोळे मिटणारी. तिला परीवस्त्र घालून फुलांच्या तबकात ठेवायचं आणि पाहुण्यांनी तबकाला हात लावायचा. प्रतीकात्मक, असा शब्द निघाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

लोकार्पण दवाखान्याच्याच आवारात झालं, फलकाच्या समोर. शेठ पहिल्या रांगेत प्रसन्न बसले होते. शून्य तसंच होतं. स्टेजवर पाहुणे, हंसाबेन आणि तबकात डोळे मिटलेली बाहुली, अंगावर माझं डाळिंबी काम. मी बाजूला उभी होते, सुई-दोरा ओढणीला टोचून. कुठे उसवलं तर लगेच टाका घालायचा, हे स्वयंसेविकेचं काम.

पाहुणे उठले. तबकाकडे हात गेला. तेवढ्यात मांडवाच्या मागून कमलीबाई आली.

त्या दिवशी रविनाला घरी सोडलं होतं. दोघींना धडगावची जीप धरायची होती. कमलीबाईच्या काखेत गाठोडं, छातीशी नात, नातीच्या डोक्यावर सलीमच्या कापसाची टोपी. मागे रविना, संकोचून चालणारी. आवारात इतकी माणसं बघून कमलीबाई जराही बुजली नाही, कारण तिच्या मनात हे सगळं तिच्या नातीसाठीच चाललं होतं. बॅनरवर 'आपल्या चिमुकल्यांसाठी' असं लिहिलंही होतं. ती सरळ स्टेजवर चढली, गाठोडं पाहुण्यांच्या खुर्चीवर ठेवलं आणि तबकातली बाहुली उचलली. उभी झाल्याबरोबर बाहुलीने टक्क डोळे उघडले. पहिल्या रांगेत एक बाई किंचाळली.

कमलीबाईने शांतपणे बाहुलीच्या अंगावरचं परीवस्त्र काढलं, बाहुलीला पुन्हा तबकात निजवलं आणि नातीला गुंडाळलेलं फडकं सोडून ते तिच्या अंगावर चढवलं.

अडवायचं कोणी? अडवायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर तो शब्द. मंडळाच्या सगळ्या सभासद स्टेजखाली तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या.

पाहुण्यांना तर हाच कार्यक्रम वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग आवाराने वाजवल्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "आजी, नातीचं नाव काय?"

"हंसा," कमलीबाई म्हणाली.

माइक जवळच होता. ते दवाखान्यातल्या खाटांपर्यंत ऐकू गेलं.

"पोऱ्या कामवर शे, त्याले माहीत बी नही," कमलीबाई पाहुण्यांना समजावून सांगू लागली. "आमनं कोनी उनं नही. हाई बाई रोज उनी. रोज इचारं, कशी शे. ती इचारं म्हनीसन डाक्टर बी उना. मंग आमी हिन्हं नाव ठेवं." आणि तिने नात हंसाबेनच्या हातात दिली.

पाहुणे माइकपाशी गेले. नवजात लेकीचं लग्नाच्या शालूने स्वागत करणारी ही योजना गावोगाव गेली पाहिजे, असं ते म्हणाले. आपल्या या मंडळाने प्रत्येक पाड्यावर प्रत्येक बाळाला असं वस्त्र द्यावं. शेठनी जोरात मान हलवली. त्यांना हे फलकाच्या धोरणाशी सुसंगत वाटलं असावं.

हंसाबेन ताठ उभ्या होत्या. बाळ त्यांच्या हातांवर होतं, आणि मला दिसलं की त्यांचा एक तळवा बाळाच्या पाठीवर पसरलेला आहे. तिथे कापड नव्हतं. ती पाठ मीच उघडी ठेवली होती. पोर थंडीने कुडकुडली आणि त्यांनी दुसराही हात तिथे लावला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "रशिदा, मांगून उघडी शे व हाई. थंडी लागी ऱ्हायनी हिले. सुई शे का?"

मी स्टेजवर गेले. कपडा अंगावर असताना त्यावर टाका घालू नये, हे त्यांच्यातही मानतात आणि आमच्यातही. घालायचाच झाला तर ज्याच्या अंगावर कपडा आहे त्याने शिवून होईपर्यंत तोंडात दोऱ्याचा तुकडा धरायचा, म्हणजे त्याचं आयुष्य टाक्यात जात नाही. एवढ्याशा पोरीच्या तोंडात दोरा कसा देणार? मी कमलीबाईकडे बघितलं. तेवढ्यात हंसाबेननी मान वाकवून माझ्या हातातल्या दोऱ्याचा तुकडा दातांनीच तोडून घेतला आणि स्वतःच्याच दातांत धरून ठेवला.

मी मानेपासून सुरुवात केली. आतून हंसाबेनची बोटं कापड पाठीपासून वर धरत होती, सुई पोरीला लागू नये म्हणून. एकदा त्यांच्याच बोटाला लागली. त्या हलल्या नाहीत.

पाहुण्यांचं भाषण संपलं. सूत्रसंचालकाने आवाज चढवून जाहीर केलं की आता मंडळाच्या अध्यक्ष दोन शब्द बोलतील. सगळं आवार हंसाबेनकडे बघायला लागलं. माइक त्यांच्या तोंडापुढे आणून धरला गेला. कपड्याचे कमरेखालचे टाके अजून राहिले होते.

आयुष्यात पहिल्यांदा हंसाबेननी आलेला माइक परत पाठवला. मान हलवून नाही म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, पण दातांतला दोरा त्यांनी सोडला नाही. मी शेवटची गाठ मारून दोरा तोडला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.